अधिकाराची किल्ली बिघडली असतां

मानखुर्द सोडून वाशीकडे जाणारी गाडी ठाण्याच्या खाडीवरील पुलावर चढते. १९९२ सालीं हा मार्ग खाडीपलीकडे नेण्यांत आला. रेल्वेच्या सिग्नलाचा एक धर्म श्रोत्यांस ठाऊक असेल: रुळांतील विद्युत्-मंडल तुटलें कीं तो तांबडा होतो, हिरवा होत नाहीं. उतारू त्रासतात, पण अपघात टळतो. मानखुर्दच्या शेजारीं ट्रॉम्बे येथें भाभा अणुसंशोधन केंद्रांत १९९१ पासून ‘अनुपम’ मालिकेंतील समांतर संगणक तयार झाले. पुढचे अनुपम लिनक्स ह्या युनिक्सच्या कुळांतील प्रणालीवर चालूं लागले. ह्या कुळांतहि बिघाडाच्या वेळीं तांबडा दिवा दाखविणारें एक साधन आहे. त्याचें नांव सूडो.

युनिक्सचा आरंभ १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन व डेनिस रिची ह्यांनीं केला. त्यांत ‘रूट’ नांवाचा एक सर्वाधिकारी असतो. त्याला कांहींहि वर्ज्य नाहीं. त्याचा परवलीचा शब्द चारचौघांत वाटणें म्हणजे तिजोरीची किल्ली चावडीवर टांगणें होय. म्हणून १९८० च्या सुमारास बफेलो येथील विद्यापीठांत बॉब कॉगशॉल व क्लिफ स्पेन्सर ह्यांनीं सूडो लिहिलें. कोणीं कोणती आज्ञा रूटच्या अधिकारानें द्यावी, ह्याची यादी ‘सूडोअर्स’ नांवाच्या फायलींत असते. आज्ञा देणारा सामान्यतः स्वतःचाच परवलीचा शब्द सांगतो, आणि कोणीं काय केलें ह्याची नोंद राहते.

सूडोच्या फायलीचा मालक रूट असतो व तिच्यावर ‘सेट-यूआयडी’ ही खूण असते. तिच्यामुळें, चालविणारा कोणीहि असो, काम मालकाच्या अधिकारानें होतें. ही युक्ति रिचीची. तिचें पेटंट १९७९ सालीं मंजूर झालें. ही एवढीशी खूण पुसली गेली कीं सूडो निकामी.

आतां अशी कल्पना करावी, कीं मानखुर्दच्या एका कचेरीचीं पगारपत्रकें ज्या सर्व्हरवर आहेत, त्याच्या व्यवस्थापकानें उद्यांच पगार व्हावयाचा असतां सूडोअर्समध्यें साध्या संपादकानें एक ओळ घातली, आणि एक चिन्ह चुकलें. जुनें सूडो अशा वेळीं दारच बंद करी. अलीकडील आवृत्त्या चुकलेली ओळ वगळून पुढें जातात. दुसरा प्रकार अधिक वाईट. परवानग्यांच्या कटकटीस कंटाळून कोणी ‘यूएसआर’ हा सगळा कप्पाच ७७७ ह्या आंकड्यानें सर्वांना मोकळा करतो. हा उपाय अनेकांच्या तोंडीं असतो, आणि तो निव्वळ आत्मघात आहे. त्या एका आज्ञेनें सूडोवरील खूण पुसली जाते. इतकेंच नव्हे, तर ‘एसयू’ व परवलीचा शब्द बदलणारें साधन ह्यांवरीलहि जाते. म्हणजे मागचें दारहि बंद.

अशा वेळीं घाईनें यंत्र बंद करून पुन्हां सुरू करूं नये. रूटचें एखादें सत्र उघडें असेल, तर तें सोन्याप्रमाणें जपावें; पुष्कळदां तेवढेंच साधन हातांत उरलेलें असतें. प्रथम सूडोचा संदेश शब्दशः वाचावा. यंत्राचें नांव सांपडत नाहीं, एवढीच तक्रार असेल, तर दोष बहुधा ‘होस्ट्स’ फायलींत असतो. मग कांहींहि न बदलतां केवळ पाहावें: मालक कोण, परवानगी कोणती, डिस्क भरली काय. सूडोवर बहुधा ४७५५ आणि सूडोअर्सवर ४४० असावयास हवें.

केवळ यादी बिघडली असेल आणि रूटचा परवलीचा शब्द असेल, तर एसयूनें आंत जातां येतें. उबुंटूमध्यें मात्र रूटला मुळांतच तो शब्द दिलेला नसतो. तेथें यंत्राच्या पडद्यापाशीं बसून दुरुस्तीच्या अवस्थेंत यंत्र सुरू करावें लागतें. त्या अवस्थेंत डिस्क बहुधा केवळ वाचण्यापुरती उघडते. ती लिहिण्यासाठीं पुन्हां जोडावी लागते, हें न कळल्यानें कित्येक तास वायां जातात. दुरुस्तींत क्रम महत्त्वाचा: आधीं मालक रूट करावा, मग ४७५५. उलट केल्यास मालक बदलतांना खूण पुन्हां पुसली जाते! सबंध कप्पा बिघडला असेल तर एक फाईल सुधारून भागत नाहीं. रेड हॅटच्या कुळांत मूळ परवानग्या पुन्हां बसविण्याची आज्ञा आहे. डेबियनच्या कुळांत पॅकेजें पुन्हां बसवावीं लागतात. दुसऱ्या यंत्रावरून सूडोची जुनी प्रत आणणें बरें नव्हे. जानेवारी २०२१ मध्यें सूडोंत एक गंभीर दोष उघड झाला, आणि तो २०११ पासून तेथेंच होता. जुन्या प्रतीबरोबर तोहि परत येईल.

सूडोअर्समध्यें पुढें कांहीं लिहावयाचें झाल्यास आधीं तिची प्रत काढावी आणि ‘व्हिसूडो’नेंच लिहावें, तें व्याकरण तपासल्यावांचून मूळ फायलीला हात लावीत नाहीं. स्वतंत्र नियम ‘सूडोअर्स-डी’ ह्या कप्प्यांत ठेवतां येतात, पण त्या फायलीच्या नांवांत टिंब असल्यास सूडो तिच्याकडे ढुंकूनहि पाहत नाहीं, आणि तसें सांगतहि नाहीं. मग दुसऱ्या खिडकींतून साध्या माणसाच्या नांवानें नव्यानें प्रवेश करावा, सूडोला एक निरुपद्रवी आज्ञा देऊन पाहावी, आणि उत्तर नीट आल्यावरच रूटचें पहिलें सत्र बंद करावें.