सतरंजी : निवड आणि निगा



चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा बोनस, संप किंवा मजूर-कायदा यांपैकी काहीतरी त्यांच्या मनात असावे. आम्ही सतरंजी म्हटले आणि ते हसले. पण सभेआधी सतरंज्या घालणे व सभेनंतर उचलणे यात आमची तीस वर्षे गेली. शाळा लवकर सुटली, पुस्तके उशिरा हाती आली. तेव्हा या एका विषयात तरी आमचा अधिकार कोणी नाकारू नये.

आपल्याकडे बैठकीला दोन जुन्या वस्तू : धनगराचे घोंगडे आणि सुताची सतरंजी. घोंगडे लोकरीचे, चिंचोक्याच्या खळीने ताठ केलेले. त्याला कसर लागते, म्हणून ऊन आणि कडुलिंबाचा पाला हवा. सुताच्या वाटेला कसर सहसा जात नाही. सुताचे वैरी ओल आणि उंदीर. सतरंजीसाठी वरंगळ नावाजलेले. १९४८ पर्यंत ते आणि आपण एकाच निजामी राज्यात होतो. तिथल्या सतरंजीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

दुकानात गेलात की सतरंजी आधी उलटी करा. विणलेली नक्षी दोन्ही अंगांनी सारखी दिसते, छापलेली मागून फिकी पडते. ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर घासा. रंग कच्चा असेल तर तिथेच कळेल. सुटलेला एखादा धागा मागून घ्या आणि बाहेर येऊन जाळा. सूत कागदासारखे जळते, लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, प्लास्टिकचा धागा वितळून त्याची गोळी होते. दुकानदार रागावला तर रागावू द्या, पैसे आपले आहेत.

गालिचा घेणार असाल तर आणखी एक विचारा : हा विणला कुणी? भदोही-मिर्झापूरकडच्या मागांवर पुष्कळ मुले बसवलेली असत. लहान बोटांनीच बारीक गाठ बसते, अशी सबब सांगितली जाई. १९८६ च्या कायद्याने या कामावर मुले ठेवण्यास बंदी झाली. १९९४ पासून कैलाश सत्यार्थी आदींच्या खटपटीने मुलांच्या श्रमाशिवाय विणलेल्या गालिच्यांवर खूण येऊ लागली. तिचे आजचे नाव गुडवीव्ह. खूण नसली तरी प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत.

आता निगा. इथे आमचाच गुन्हा सांगतो. मोंढ्यातल्या हमालांनी पाच-पाच रुपये वर्गणी काढून संघाची पहिली सतरंजी घेतली. तिच्यावर हमाल, तोलारी आणि समेटाला आलेला अडत्या एकाच पातळीवर बसत. एका श्रावणात सभा पावसात सापडली. आम्ही ती ओलीच घडी करून पेटीत कोंबली आणि तारखेसाठी परभणीला गेलो. आठ दिवसांनी उघडली तो घडीच्या रेषेवर काळी बुरशी. झटकताच तिथून फाटली. चाळणीवर काम करणारी एक बाई म्हणाली, "दादा, पोतं भिजलं तर मालक आमची मजुरी कापतो. आता तुमची कोण कापणार?" त्या महिन्याचे आमचे मानधन सतरंजीत गेले.

तेव्हापासून ओली सतरंजी दोरीवर टाकत नाही. पाण्याच्या वजनाने ती ताणून वाकडी होते. बाजेवर पसरून वाळवतो, पुरी सुकली की गुंडाळतो. घडी एकाच जागी पडत राहिली की सूत तिथेच झिजते. पावसाळ्यात शहाबादी फरशीला ओल सुटते, म्हणून खाली चटई. गोंड्यांवर खराटा चालवू नये.

आणि हळद! आपला जिल्हा हळदीचा, लग्नाच्या दिवसांत डाग पडायचाच. त्याला साबण लावला की तो लाल होतो आणि माणूस घाबरतो. घाबरू नये. भरपूर पाण्याने साबण काढावा, मग डागाची बाजू उन्हात ठेवावी. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. चार-सहा दिवसांत बराच उडतो. मात्र सतरंजीचाही रंग कच्चा असेल तर तोही उडेल, म्हणून तो रुमाल विसरू नका.

आमची वेळ संपली. सभेनंतर दोघांनी मागे थांबावे. ही सतरंजी मोठी आहे, एकट्याला झटकता येत नाही.