बेटांची नाणी

दक्षिण प्रशांत महासागरातल्या निउए बेटाची लोकसंख्या दोन हजारांच्या आत. व्यवहार चालतात न्यूझीलंडच्या डॉलरमध्ये. तरी २०११ साली या बेटाच्या नावाने ‘स्टार वॉर्स’ची चांदीची नाणी निघाली. एका अंगाला राणी एलिझाबेथ, दुसऱ्या अंगाला त्या चित्रपटांचा खलनायक डार्थ व्हेडर! नाण्यावर किंमत दोन डॉलर, चांदी मात्र एक औंस. म्हणजे धातूच दर्शनी किमतीच्या कितीतरी पट महाग. असं नाणं देऊन कोण मीठ-साखर आणणार? त्यासाठी ते काढलेलंच नसतं. नाणी पाडायची आणि जगभर विकायची हे काम परदेशातल्या टांकसाळीचं. बेटाचं सरकार आपलं नाव आणि कायदेशीर चलनाचा दर्जा देतं, आणि त्याचा मोबदला घेतं.

पलाऊ या प्रशांत महासागरातल्याच बेटांच्या देशाने तर फ्रान्समधल्या लुर्द या तीर्थक्षेत्राच्या पवित्र पाण्याचे थेंब बसवलेलं नाणं काढलं. मला यात लबाडी दिसत नाही. जमीन थोडी, कारखाने नाहीत, अशा देशाने नाव भाड्याने दिलं तर बिघडलं कुठे? घेणाऱ्याने मात्र हिशेब ठेवावा. रंगीत छपाई, मखमली पेटी, क्रमांक घातलेलं प्रमाणपत्र, या सगळ्याचे पैसे मोजलेले असतात. विकायला गेलात की बरेचदा हातात पडतो तो चांदीचा भाव.

बेटं ओळखायची तर त्यांची वापरातली नाणी पाहावीत. तुवालू स्वतंत्र झालं १९७८ मध्ये, पण त्याची नाणी १९७६ मध्येच आली. एका सेंटवर शंख, दोनवर पाकट, पाचवर शार्क, दहावर खेकडा, वीसवर उडता मासा, पन्नासवर ऑक्टोपस आणि डॉलरवर कासव. कुक बेटांचा १९७२चा डॉलर त्याहून गमतीचा. त्यावर तांगारोआ हा तिथला देव उभा आहे, अंगावर चिंधीही नाही. मिशनऱ्यांनी ज्याच्या मूर्ती मोडायला लावल्या, तो राणीच्या पाठीला पाठ लावून उभा! १९८७ मध्ये त्याच बेटांनी दोन डॉलरचं चक्क तिकोनी नाणं काढलं.

संग्रहाला नव्याने सुरुवात करणार असाल, तर आधी तुवालूची ही सात साधी नाणी जमवा. चांदीची नसल्याने ती खिशालाही परवडतील. डार्थ व्हेडर नंतर घ्या, आणि घेतलाच तर हौस म्हणून घ्या, गुंतवणूक म्हणून नको.