मुंबईहून अलिबाग : एका दिवसाची सहल

श्रोतेहो, देशावरच्या शाळांची सहल मुंबईला आली म्हणजे राणीची बाग, म्हातारीचा बूट आणि चौपाटीवरची भेळ एवढ्यावर बहुधा आटोपते. माझे सांगणे असे की, राजधानीतल्या मुक्कामाचा एक दिवस राखून ठेवा आणि मुलांना अलिबागला न्या. सडकेने शंभरएक किलोमीटरचा वळसा पडतो. गेटवे ऑफ इंडियापासून लाँचने तासाभरात मांडवा येते. तिथून अलिबाग वीसएक किलोमीटर, बस मिळते. पावसाळ्यात मात्र गेटवेच्या लाँचा बंद असतात.

अलिबागला पाहायचे काय? भर समुद्रात उभा असलेला कुलाबा किल्ला. शिवाजी महाराजांनी १६८० साली याचे काम सुरू करवले; पुढे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे ठाणे झाले. आत गणपतीचे देऊळ आहे, आणि चोहीकडे खारे पाणी असताना गोड्या पाण्याची विहीर! ओहोटी असली की किनाऱ्यावरून तिथवर चक्क पायी जाता येते. आणि गुरुजी, इथेच जरा सावध होऊन ऐका.

समुद्र शाळेचे वेळापत्रक पाळत नाही. भरती दिवसातून दोनदा, ओहोटीही दोनदा, आणि चंद्रामुळे त्यांची वेळ रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. पक्ष कोणताही असो, तिथीची पाऊणपट करा, की भरतीचा तास निघतो. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे ओहोटी बाराला. ही वेळ सोयीची वाटेल. पण अष्टमीला असतो भांग, पाणी पुरते ओसरतच नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला ते खूप दूर जाते खरे, पण ओहोटी पडते सहाच्या सुमारास, दिवस उगवता-मावळता. मला विचाराल तर द्वादशीच्या आगेमागे जावे. भरती नऊची, ओहोटी तीनची. दोनला निघावे, चारच्या आत परत वाळूवर यावे. हिशेब ढोबळ आहे बरं का! भरती-ओहोटीचे कोष्टक पाहावे आणि किनाऱ्यावरच्या कोळीदादांनाही विचारावे. ते नको म्हणाले तर नको. परतताना पाणी चढू लागलेले दिसले तर मुलांना त्यात उतरवू नका, किल्ल्यातच थांबा. भरतीला होड्या चालतात.

इतके बजावून का सांगतो? १ फेब्रुवारी २०१६ रोजी याच जिल्ह्यात, मुरुडच्या किनाऱ्यावर, पुण्याहून सहलीला आलेले डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. पावसाळा नव्हता. कॉलेजातली मोठी मुले होती. धरणाच्या, विहिरीच्या पाण्यात पोहणाऱ्याला समुद्राची ओढ ठाऊक नसते; म्हणून पाण्यात खेळायचे ते घोट्याएवढ्या पाण्यात, आणि एक शिक्षक सतत मुलांकडे तोंड करून उभा हवा. फोटो काढायला दुसरा नेमा!

विज्ञानाच्या शिक्षकांसाठी आणखी एक ठिकाण. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार आणि होकायंत्राच्या सूक्ष्म नोंदी बिघडणार, म्हणून तिथल्या वेधशाळेचे चुंबकीय नोंदींचे काम १९०४ साली अलिबागला हलवले. ते तिथे आजही चालते. आत जायचे असेल तर आधी पत्र पाठवून विचारावे.

परतीच्या शेवटच्या लाँचची वेळ मात्र सकाळी मांडव्याला उतरतानाच धक्क्यावर विचारून ठेवा.