मॉडच्या घरातली गोष्ट



संध्याकाळच्या मालिका आपण सगळ्याच बघतो. सुनेचा छळ असतो, जावांची भांडणं असतात. पण नातवंडं असलेल्या बाईला दिवस गेले, आणि तिला ते मूल नको आहे, असं कुठल्या मालिकेत बघितलंत? अमेरिकेत ५० वर्षांपूर्वी एका मालिकेनं ते दाखवलं, आणि देशभर गदारोळ झाला. आज त्याबद्दल बोलू.

मालिकेचं नाव ‘मॉड’. मालिका विनोदी. मॉड म्हणजे उंच, ठसक्यात बोलणारी, कुणाला न भिणारी बाई. बी आर्थर या नटीनं तिचं काम केलं होतं. १४ आणि २१ नोव्हेंबर १९७२ ला दोन भागांत ही गोष्ट लागली. लिहिली होती सुझन हॅरिस या लेखिकेनं.

मॉड ४७ वर्षांची. घरात घटस्फोट घेतलेली मुलगी आणि नातू. अशात तिला दिवस जातात. मुलगी समजावते, आपल्या राज्यात आता गर्भपात कायदेशीर आहे, घाबरू नकोस. न्यूयॉर्क राज्यात तसा कायदा १९७० मध्येच झाला होता. नवरा वॉल्टर म्हणतो, मी नसबंदी करून घेतो. पण वेळ आली की मागे सरतो! आणि खरी गंमत पुढेच आहे. तिला वाटतं, ह्याला मूल हवंय. त्याला वाटतं, हिला हवंय. विचारत कुणीच नाही. शेवटी दोघं मोकळेपणानं बोलतात, मॉड गर्भपाताचं ठरवते आणि वॉल्टर तिच्या पाठीशी उभा राहतो.

हे भाग दाखवायला इलिनॉय राज्यातल्या दोन केंद्रांनी नकार दिला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जानेवारी १९७३ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं देशभरातल्या स्त्रियांना गर्भपाताचा हक्क दिला. तरी ऑगस्टमध्ये हे भाग पुन्हा लागायचे होते, तेव्हा विरोध आणखी वाढला. कॅथलिक धर्मगुरू विरोधात उभे राहिले, निषेधाची हजारो पत्रं आली, जाहिरातदारांनी पाठ फिरवली. कितीतरी केंद्रांनी ते भाग दाखवलेच नाहीत. असला विषय विनोदी मालिकेत कशाला, असं लोकांचं म्हणणं. उलट बाजूचे म्हणत होते, घराघरात घडतं ते घरातल्या टीव्हीवर का नको?

आज टीव्हीच्या इतिहासात या दोन भागांना मानाचं स्थान आहे. पण पुढे बरीच वर्षं तिथल्या मालिकांनी पळवाट काढली. बाई गर्भपाताचा विचार करायची, आणि ऐनवेळी गर्भ आपोआप पडायचा. म्हणजे निर्णय तिला घ्यायलाच नको! आणि २०२२ मध्ये न्यायालयानं तो देशभराचा हक्कही काढून घेतला.

आता आपल्याकडचं बघा. आपला गर्भपाताचा कायदा १ एप्रिल १९७२ पासून लागू आहे, म्हणजे मॉडच्या त्या भागांच्याही आधीपासून. पण कायदा कागदावर असून काय उपयोग, तो आपल्याला माहीत पाहिजे. म्हणून तीन गोष्टी लक्षात ठेवा. बाई १८ वर्षांची झालेली असेल, तर तिची स्वतःची संमती पुरते. कायद्यानं नवऱ्याची किंवा सासूची सही लागत नाही. गर्भनिरोधक साधन फसलं, हे कारण कायदा मानतो, आणि २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. तिसरं, तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मुलगी आहे म्हणून गर्भ पाडणं मात्र गुन्हा आहे. ती गोष्ट वेगळी, ह्यात मिसळू नका.

लाजेपोटी बाई गप्प बसते, दिवस वाढतात, मग कुणाच्या तरी सांगण्यावरून गोळ्या आणते किंवा कुठल्या भोंदूकडे जाते. त्यात जीव जातो. मॉडला निदान सांगणारी मुलगी होती. आपल्या गावात ते काम गटानं करायचं. कुणी अडचणीत असेल तर चारचौघींत चर्चा नको. तिला बाजूला घ्या, तिला काय हवंय ते विचारा, आणि आशाताईंना घेऊन सरकारी दवाखान्यात तिच्यासोबत जा.