बेटांचा देश आणि त्याचे विमानतळ

(प्राथमिक शिक्षकांच्या भूगोल-शिबिरातील भाषण)



दळणवळणाचा पाठ वर्गात बहुधा वाहनांच्या यादीवर संपतो. बैलगाडी, मोटार, आगगाडी, जहाज आणि सर्वांत शेवटी विमान. विमान हे श्रीमंतांचे वाहन, एवढीच समजूत घेऊन मूल घरी जाते. ही समजूत दूर करावयाची तर मुलांना मनाने एखाद्या बेटांच्या देशात नेले पाहिजे. भारताच्या नैर्ऋत्येस हिंदी महासागरात असलेला मालदीव हा असा देश होय.

मालदीवमध्ये सुमारे १,२०० लहान बेटे असून वस्ती त्यांपैकी २०० हून कमी बेटांवर आहे. दक्षिणोत्तर ८०० किलोमीटरांहून अधिक अंतरात ती विखुरलेली आहेत. जमीन प्रवाळाची व अत्यंत सखल. तिची सरासरी उंची समुद्रसपाटीपासून अवघी दीड मीटर. तेथे डोंगर नाही, नदी नाही. शेजारचे गाव म्हणजे बहुधा समुद्रापलीकडचे गाव.

राजधानी माले हे बेट घरांनी गजबजलेले. तेथे धावपट्टीस जागा कोठून मिळणार? म्हणून जवळच्या हुलुले बेटाची निवड झाली. १९६० साली तेथे पोलादी पत्रे अंथरून पहिली धावपट्टी तयार झाली. १९६६ साली तिच्या जागी डांबरी धावपट्टी आली. विमानाने वाऱ्यास सामोरे होऊन चढावे व उतरावे, हा सामान्य नियम. परंतु येथे बेटच दक्षिणोत्तर लांबट, म्हणून धावपट्टीही दक्षिणोत्तर. २०१८ साली ३,४०० मीटर लांबीची नवी धावपट्टी सुरू झाली. त्याच वर्षी माले व विमानतळ यांना जोडणारा पूल खुला झाला. तोपर्यंत विमानातून उतरलेला प्रवासी होडीत बसूनच राजधानी गाठीत असे.

दक्षिणेकडील गान बेटावरील विमानतळाची कथा निराळी आहे. तो दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी लष्करी गरजेसाठी बांधला. १९७६ साली ब्रिटिश हवाई दल तेथून गेले आणि पुढे तीच धावपट्टी प्रवाशांच्या उपयोगी पडली.

अशा देशात विमानतळाचे मोल संकटकाळी कळते. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतील खारे पाणी गोडे करणाऱ्या कारखान्यास आग लागली आणि सुमारे १ लाख लोकांचे पिण्याचे पाणी तुटले. सभोवार अथांग समुद्र, पण घोटभर पाणी नाही! दुसऱ्याच दिवशी भारताच्या हवाई दलाची विमाने पिण्याचे पाणी घेऊन हुलुलेस उतरली. मागोमाग जहाजांनीही पाणी नेले. धावपट्टी नसती तर तहानलेल्या शहरास जहाजाची वाट पाहत बसावे लागले असते.

परंतु प्रत्येक बेटावर धावपट्टी होऊ शकत नाही. कित्येक बेटे धावपट्टीच्या लांबीपेक्षाही लहान आहेत. पाण्यावर उतरणारी लहान विमाने तेथे पुष्कळ आहेत. मात्र ती दिवसाउजेडीच चालतात. ज्या बेटावर धावपट्टी नाही, तेथील आजारी माणसास रात्री समुद्रातून बोटीनेच न्यावे लागते. पावसाळ्यात ओढ्यास पूर येऊन ज्यांची वाट बंद होते, त्या मुलांना ही अडचण सहज समजेल.

यानंतर शिक्षकाने मुलांकडून एका काल्पनिक बेटराष्ट्राचा नकाशा काढवून घ्यावा. दहा बेटे असावीत. प्रत्येकाची लोकसंख्या, लांबी व रुंदी मुलांनीच ठरवावी. रुग्णालय एकाच बेटावर असावे. विमानतळ मात्र तीनच बांधता येतील, असे सांगावे. ते कोठे बांधावयाचे? लोकवस्ती मोठी तेथे, की रुग्णालयापासून दूर असलेल्या बेटावर? धावपट्टीसाठी नारळाची बाग तोडावी काय? उरलेल्या सात बेटांची सोय कशी लावावी?

या प्रश्नांना एकच ठराविक उत्तर नाही. म्हणून गुण उत्तरास न देता कारणांस द्यावेत. एखादा मुलगा सर्वांत लहान बेटाची बाजू घेऊन उभा राहील, तर त्यास थांबवू नये. राष्ट्राची संपत्ती थोडी आणि गरजा पुष्कळ असतात. त्यांची वाटणी न्यायाने कशी करावी, याचा पहिला धडा त्यास या नकाशावर मिळेल. उद्याचा नागरिक घडविण्याच्या कामी भूगोलाच्या तासाचा याहून चांगला उपयोग कोणता?