चार दिवसांची सुटी आणि चांद्याचा तट



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय सुचविला तो "युरोपातील शहरे व किल्ले यांची सहल" असा. विषय हवेतला नाही. मुलगा किंवा सून परदेशी नोकरीला असली म्हणजे आजकाल आमगाव-गोंदियाकडचे आईबापही एकदा विमानात बसून येतात. परंतु ज्या वाटेने आपण गेलो नाही ती दुसऱ्याला दाखवावयाची, हे आमच्या धंद्यात बसत नाही. तीस वर्षे आम्ही विडी कामगार, राईस मिलचे हमाल आणि तेंदूपत्ता तोडणारी माणसे यांच्यात काढली. शाळा सातवीत सुटली, पुढचे शिक्षण वाचनालयात आणि रेल्वेच्या डब्यात झाले. तेव्हा युरोपचे वाचलेले थोडके सांगू, आणि मग तुम्हांला आपल्याच लोहमार्गाने चार दिवस फिरवून आणू.

सहलीची गोष्ट काढली की माणसे आधी पैशाचे बोलतात. आम्ही आधी सुटीचे बोलतो. खिशात पैसा असून सुटी नसली तर घर सुटत नाही. हा रविवारसुद्धा आपल्याला आकाशातून मिळालेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना संघटित करून, वर्षानुवर्षे अर्ज-सभा करून, तो मागून घेतला. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. तिकडे फ्रान्समध्ये १९३६ च्या जूनमध्ये लाखो कामगारांनी संप केला, तेव्हा वर्षाला दोन आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आली. त्याच उन्हाळ्यात रेल्वेने कामगारांसाठी सवलतीचे तिकीट काढले, आणि जन्म कारखान्यात गेलेल्या कितीतरी माणसांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला. आज युरोपातल्या किल्ल्यांपुढे ज्या रांगा दिसतात त्यांचे मूळ या रजेत आहे. आपल्याकडे १९४८ च्या कारखाने कायद्याने वर्षात २४० दिवस काम केलेल्यास वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. नव्या श्रमसंहितेत ती अट १८० दिवसांवर आली आहे. कायदा असा आहे. आणि माणूस कसा आहे? एका राईस मिलमधला एक हमाल आम्हांला ठाऊक आहे. बावीस वर्षे पोती वाहिली. मिल त्याला कंत्राटदाराचा माणूस म्हणते आणि कंत्राटदार त्याला रोजंदारीचा म्हणतो. हजेरीच्या वहीत त्याचे १८० दिवस कधी भरतच नाहीत. त्याला विचारले, "दादा, सुटी मिळाली तर कुठे जाल?" तो म्हणाला, "झोपीन."

या उत्तरावर हसू येत असेल तर हसावे. आम्हांला आले नाही. ज्यांना रजा नाही त्यांच्यासाठी ती मिळविण्याचे काम वेगळे, ते चालूच आहे. पण या सभागृहात शिक्षक आहेत, रेल्वेची माणसे आहेत, कचेरीतले आहेत, दुकानदार आहेत. ज्यांना रजा मिळते तेही ती लग्नात, आजारपणात आणि धानाच्या कापणीत संपवितात. पाहण्यासाठी म्हणून एक दिवस बाजूला काढणे हे आपल्याकडे अजून चैनीत मोडते, आणि घरातल्या बाईच्या बाबतीत तर ते कोणाच्या मनातही येत नाही.

आता युरोप. दोन किल्ले सांगतो, त्यातून पाहण्याची रीत कळेल. जर्मनीत बव्हेरियाच्या डोंगरात नॉयश्वानस्टाईन नावाचा राजवाडा आहे. पांढरे निमुळते मनोरे, खाली दरी. कॅलेंडरवर तुम्ही तो पाहिलाच असेल. तो लढाईचा किल्लाच नव्हे. दुसरा लुडविग या राजाने १८६९ मध्ये जुन्या काळच्या हौसेखातर त्याची पायाभरणी केली, १८८६ मध्ये राजा वारला तेव्हा काम अर्धवट होते, आणि काही आठवड्यांतच तिकीट लावून तो लोकांना उघडला. दुसरा फ्रान्समधला कार्कासोन. तो खरा, दुहेरी तटाचा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकार तो तट पाडून दगड विकण्याच्या बेतात होते. गावातल्या जाणत्या लोकांनी आरडाओरड केली, आणि १८५३ पासून व्हियोले-ल-द्युक या वास्तुविशारदाने त्याची डागडुजी केली. म्हणजे आज जे जुने म्हणून दाखवितात त्यातले बरेच जुन्यावर बसविलेले नवे आहे. यात फसवणूक नाही, पण पाहणाऱ्याने विचारावे: यातले मूळचे किती, मागून लावलेले किती?

ज्यांना तिकडे जावयाचेच आहे त्यांनी बारा दिवसांत दहा देश करू नयेत. एका शहरात तीन रात्री राहावे. जुन्या पेठांत रस्ते दगडी फरसाचे असतात, म्हणून चालायचे बूट जुने, पायात रुळलेले न्यावेत. पुष्कळ संग्रहालये आठवड्यातून एक दिवस बंद असतात, कोठे सोमवार, कोठे मंगळवार. ते आधी पाहावे. एवढे पुरे. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये रशियाला जाऊन आले आणि त्यांनी त्या प्रवासाचे पुस्तक लिहिले. शाळेत न टिकलेल्या माणसाचे डोळे परदेशात काय काय पाहतात हे ज्यांना जाणायचे असेल त्यांनी ते वाचनालयातून न्यावे.

आता आपल्या दाराशी येऊ. सालेकसाहून पुढचे स्थानक दरेकसा. हाजरा फॉल पाहायला पावसाळ्यात नागपूर-रायपूरची माणसे येतात, त्याविषयी तुम्हांला आम्ही काय सांगावे! पण कचारगडविषयी सांगणे भाग आहे. ती डोंगरातली मोठी गुहा म्हणजे गोंड समाजाचे श्रद्धास्थान. माघी पौर्णिमेला दूरदूरच्या राज्यांतून माणसे पिवळे दुपट्टे बांधून तेथे येतात. आपण मात्र तेथे डबे घेऊन जातो, मोठ्याने गाणी लावतो आणि पत्रावळी टाकून येतो. आपल्या देवळात कोणी असे केले तर? तेथे जावे, चढ बेताने चढावा, पाणी बरोबर न्यावे, आणि वर कोणी पूजा करीत असेल तर बाजूला थांबावे.

किल्ला म्हणाल तर जवळचा लांजीचा. तो मध्य प्रदेशात, बालाघाट जिल्ह्यात पडतो. पण आपली सोयरीक तिकडे असतेच, तेव्हा परका म्हणता येणार नाही. सकाळी निघून संध्याकाळी घरी. तुमसरच्या बाजूला आंबागड आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या वेळचा, सुमारे १७०० चा. भोसल्यांच्या काळात तेथे कैदी ठेवीत आणि त्यांना तेथील विहिरीचे नासके पाणी पाजीत, असे सांगतात. अर्जुनी मोरगाव तालुक्यात प्रतापगड आहे, आणि तेथे महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते. त्याच गडावर दर्गाही आहे, आणि दोन्हीकडे जाणारी माणसे एकाच वाटेने चढतात. प्रतापगड म्हटले की मुले साताऱ्याचाच सांगतात. ११ जुलै २०२५ रोजी मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशाच्या यादीत गेले, त्यात साताऱ्याचा प्रतापगड आहे. आम्हांला आनंद झाला. ती यादी मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याची, त्यात गोंडांचे किल्ले नसणे रीतीचेच आहे. पण यादीत नाही म्हणून पाहण्यासारखे नाही, असा अर्थ आपल्या पोरांनी काढू नये एवढेच.

चार दिवस असतील तर चांद्याला जावे. गोंदियाहून बल्लारशाचा फाटा सुमारे अडीचशे किलोमीटरचा. पूर्वी चांदा फोर्टपर्यंत छोटी लाईन होती. नव्वदीच्या दशकात ती मोठी झाली. पॅसेंजरने पाच-सहा तास धरून चालावे. वेळापत्रक बदलते, म्हणून आदल्या दिवशी स्थानकावर विचारून घ्यावे. खिडकीची जागा धरावी. सौंदड, अर्जुनी, वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल अशी ही वाट. धानाच्या बांध्या, बोड्या, आणि केळझरकडे दाट जंगल. हिवाळा असेल तर वडशाला एक रात्र उतरावे. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांचे ते माहेर. नाटक रात्री दहाला उभे राहते ते पहाटेला पडदा पडतो. घोंगडे न्यावे.

आणि एक खूणगाठ बांधून ठेवावी. चंद्रपूरला स्थानके दोन. आपली गाडी लागते ते चांदा फोर्ट. वर्ध्याकडून येणाऱ्या गाड्या लागतात ते चंद्रपूर. परतताना रिक्षावाल्याला नुसते "स्टेशन" म्हटले तर तो भलत्या स्थानकावर नेऊन सोडतो, आणि गाडी दुसरीकडून निघून जाते.

चंद्रपुरास माणसे जातात ती वाघासाठी. रात्री उतरतात, पहाटे जिप्सीत बसून ताडोब्याला पळतात, आणि जटपुरा दरवाजा झोपेत ओलांडतात. वाघ दिसला तर भाग्य, पण दरवाजा जागचा हलत नाही. तो नक्की दिसतो. या शहराला सुमारे अकरा किलोमीटरचा दगडी तट आहे. खांडक्या बल्लाळशहाने राजधानी बल्लारपूरहून येथे आणली. सशाने कुत्र्याचा पाठलाग केला ती जागा पाहून राणीच्या सल्ल्याने शहर वसविले, अशी दंतकथा आहे. सशाची कथा अनेक शहरांच्या नावे सांगतात, तेव्हा तिच्यावर फार भर देऊ नये. तट एका राजाच्या हयातीत झाला नाही. पुढच्या पिढ्यांनी तो पुरा केला. दरवाजे चार: जटपुरा, पठाणपुरा, अचलेश्वर आणि बिनबा. यांखेरीज पाच खिडक्या आहेत: हनुमान, विठोबा, बगड, चोर आणि मसण. मसण खिडकीचे काम नावावरून कळते. दरवाजावर हत्तीला दाबणारा सिंह कोरला आहे, ती गोंडराजांची खूण. मान वर करून पाहावी, पण रस्त्याच्या कडेला उभे राहून; जटपुऱ्याच्या कमानीखालून ट्रक सोडून सारे शहर जाते.

युरोपातल्या जुन्या नगरात आणि यात फरक असा की, तेथे तटाच्या आतली घरे बऱ्याच ठिकाणी दुकाने आणि हॉटेले झाली आहेत. येथे तटाच्या आत माणसे राहतात, कपडे वाळत घालतात, पोरे शाळेत जातात. म्हणून येथे तिकीट नाही, आणि पूर्वी कोणाची काळजीही नव्हती. बुरुजांवर झाडे माजली होती, कचरा पडत होता. १ मार्च २०१७ पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी हातात कुदळ-फावडी घेऊन रोज सकाळी तट साफ करायला सुरुवात केली, आणि ते काम शेकडो दिवस चालले. संस्थेचे प्रमुख बंडू धोतरे. श्रमदान हा शब्द आमच्या कानाला नेहमी गोड लागत नाही, कारण फुकट राबविण्यासाठीही तोच वापरतात. येथे तो आम्ही आदराने उच्चारतो. तटावर चालता येते ते त्या पोरांमुळे.

सकाळी उन्हाच्या आधी तट चालून घ्यावा. मग अचलेश्वराकडे यावे. तेथे बीरशहाची समाधी आहे, ती त्याच्या राणीने, हिराईने बांधविली. नवऱ्याच्या मागे तिनेच राज्य सांभाळले, आणि महाकालीचे देऊळही तिचेच. बायकोने नवऱ्यासाठी बांधलेली एवढी देखणी वास्तू आपल्या भागात असून ताजमहालाचे चित्र मात्र घरोघरी. महाकालीची यात्रा चैत्रात. तेव्हा गर्दी सोसणार असेल तरच जावे. तेथून तुरुंगाकडे. गोंडराजाच्या जुन्या कोटाच्या जागी हा तुरुंग आहे, आणि याच ठिकाणी २१ ऑक्टोबर १८५८ रोजी इंग्रजांनी बाबुराव शेडमाके यांना फाशी दिले. बाहेरून नमस्कार करावा.

आम्हांला सर्वांत धरून ठेवणारी जागा मात्र तटाबाहेरची, लालपेठकडची. तिला अपूर्ण देवालय म्हणतात. रायप्पा नावाच्या व्यापाऱ्याने मोठे शिवालय बांधण्यासाठी प्रचंड मूर्ती अखंड दगडांतून घडविण्यास घेतल्या, आणि तो मध्येच वारला. देऊळ झालेच नाही. दहा तोंडांची देवी, आणि इतर मूर्ती जागच्या जागी उघड्यावर पडून आहेत. रायप्पाचे नाव राहिले. ज्यांनी टाकी चालविली त्यांची नावे कोणी लिहून ठेवली नाहीत, आणि मालक गेल्यावर त्यांची शेवटची मजुरी कोणी दिली की नाही हेही दगड सांगत नाहीत. तेथे बसून शिदोरी सोडावी, पोरांना हे सांगावे, पण दगडावर नाव मात्र खरडू देऊ नये.

दुसऱ्या दिवशी बल्लारपूर, पंधरा-सोळा किलोमीटर. वर्धा नदीच्या काठावरचा किल्ला. चांदा घेतल्यावर भोसल्यांनी शेवटचा गोंडराजा नीळकंठशहा याला येथेच कैदेत ठेवले. ज्या गावाहून पूर्वजांनी राजधानी हलविली त्याच गावात शेवटी कैद! संध्याकाळी नदीच्या बाजूने तट पाहावा, उजेड चांगला असतो.

मे महिन्यात मात्र कोणी जाऊ नये. चांद्याचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि तापलेला दगड रात्रीपर्यंत निवत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली, आणि घरची भाकर पहिल्या दिवसापुरती. पुढे चहा-पोहे कोठेही मिळतात. म्हाताऱ्या माणसाला तटावर चढवू नये, त्याला समाधीच्या आवारात सावलीला बसवावे.

खर्चाचे कोणी विचारील. चौघांचे कुटुंब पॅसेंजरने गेले, धर्मशाळेत किंवा साध्या लॉजमध्ये राहिले, तर एका लग्नाच्या आहेरापेक्षा फार जास्त लागत नाही. दहा-बारा घरे मिळून गेली तर आणखी कमी. दिवाळीनंतर, मंडया आटोपल्यावर, असा एक गट न्यावा असे आमच्या मनात आहे. त्या हमालालाही विचारले आहे. त्याने बायकोला विचारून सांगतो म्हटले. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी सभा संपल्यावर दाराशी वही ठेवली आहे, तीत नाव लिहावे. बायकांनी आपले नाव स्वतः लिहावे.