इंजिन बंद पडलं, आता शेत शोधा

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. छोट्या विमानाचं इंजिन हवेत बंद पडलं तर ते दगडासारखं खाली येतं का?

नाही येत. २५ जुलै २०२२ ची गोष्ट घ्या. बारामतीहून निघालेलं ट्रेनिंगचं सेसना १५२ इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला शेतात उतरलं. आत एकटी २२ वर्षांची ट्रेनी पायलट. इंजिनची पॉवर गेली होती. विमान उलटलं, मोडलं, पण पोरगी किरकोळ जखमांवर वाचली. माझ्यापेक्षा लहान आहे ती!

मी काही पायलट नाही, कोड लिहून पोट भरतो. पण या विमानाचं मॅन्युअल वाचलंय आणि सिम्युलेटरवर कितीतरी वेळा आपटलोय. म्हणून सांगतो, पहिलं काम रेडिओवर ओरडणं नाही. पहिलं काम म्हणजे नाक सांभाळून वेग ६० नॉटवर आणणं. या वेगाला विमान सगळ्यात लांब तरंगतं. जमिनीपासून ३,००० फुटांवर असाल तर वारा नसताना साधारण ८ किलोमीटर. वेळ चार-साडेचार मिनिटं. तेवढ्यात शेत निवडायचं, आणि हात रिकामा झाला की फ्युएल व्हॉल्व्ह, मिक्सचर, कार्ब हीट, मॅग्नेटो बघायचे. कार्ब हीट कशाला? दमट हवेत कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो, आपल्याकडच्या पावसाळ्यातसुद्धा. मला आधी खोटंच वाटलं होतं.

आता शेत. वरून सगळं हिरवं गालिच्यासारखं दिसतं, पण आपल्या धाराशिवकडं शेत म्हणजे विहीर आली, बांध आला, आणि मोटारीला गेलेली लाईट आली. तारा वरून दिसतच नाहीत, खांब दिसतात. म्हणून खांबांची रांग शोधायची. उभ्या उसापेक्षा मोकळं रान बरं, आणि नांगरलेलं असलं तर तासांच्या दिशेनं, आडवं नाही. टेकायच्या आधी पेट्रोल बंद, मॅग्नेटो बंद, दार उघडं. दार यासाठी, की धक्क्यानं ते अडकून बसू नये.

टेकऑफनंतर लगेच इंजिन गेलं तर मात्र निवडायला वेळच नसतो. तेव्हा धावपट्टीकडं वळायचा मोह लई होतो. कमी उंचीवर वळताना वेग मरतो आणि विमान कोसळतं. समोर जे मिळेल तिथंच.

आणि लाईट गेली तर? इथं लोक उगाच घाबरतात. सेसना १५२ चं इंजिन बॅटरीवर चालत नाही. दोन मॅग्नेटो इंजिनच फिरवतं, पेट्रोल पंखातून आपोआप खाली येतं. आजोबांच्या लुनाला बॅटरी नव्हती, तरी तुळजापूर करून यायची, तसंच. अल्टरनेटर गेला तर मास्टर स्विच एकदा बंद-चालू करायचा, नाहीच आला तर नको ते दिवे-रेडिओ बंद करून बॅटरी वाचवायची. ती संपली की फ्लॅप्स जातात, कारण ते विजेवर आहेत, म्हणून उतरताना जास्त धावपट्टी लागते. वेग आणि उंचीचे काटे हवेच्या दाबावर, ते चालूच राहतात. फक्त रेडिओ गेला असेल तर ट्रान्सपॉन्डरवर ७६०० लावायचं, आणि टॉवरच्या दिव्याकडं बघायचं. स्थिर हिरवा म्हणजे उतर.

पुढच्या भागात मॅग्नेटो उघडून बघू. कुणाकडं जुनी लुना असेल तर कळवा, फोटो लागतील.